पाण्याचा थेंबही नसलेली अग्निशमन गाडी: जहराच्या उन्हात कमांड गाडी कशी उभी करायची?

आग लागली की आपलं लक्ष बंबांकडे जातं. लाल गाड्या, शिड्या, होजपाईप, धावपळ. पण त्या गर्दीत जरा बाजूला एक गाडी अशी असते, जिच्यात पाण्याचा थेंबही नसतो. ती असते अग्निशमन प्रमुखाची कमांड गाडी. बहुधा एखादी मोठी एसयूव्ही, मागचा दरवाजा उघडा, डिकीत दोन वायरलेस सेट, एक नकाशा आणि एक फळा. तिचं काम एकच: कोण कुठे आहे, आग कुठे चालली आहे आणि पुढच्या दहा मिनिटांत काय होणार आहे, हे एका माणसाला कळत राहावं.

ही गाडी सज्ज करायची म्हणजे त्यात नेमकं काय ठेवायचं? उदाहरणासाठी आपण कुवेतमधलं जहरा घेऊ. आखातात राहणाऱ्या वाचकांना ते ओळखीचं असेल. कुवेत सिटीच्या पश्चिमेला साधारण तीस किलोमीटरवरचं हे शहर. त्याच नावाचा प्रांत क्षेत्रफळाने देशात सर्वात मोठा आहे, आणि अग्निशमन दलापुढे येऊ शकतील अशा जवळपास सगळ्या अडचणी तिथे एकत्र सापडतात.

आधी प्रश्न समजून घेऊ

१५ ऑगस्ट २००९ रोजी जहरात एका लग्नाच्या तंबूला आग लावण्यात आली. आत स्त्रिया आणि मुलं होती. काही मिनिटांत तंबू जळून गेला आणि चाळीसहून अधिक जीव गेले. इथे स्पष्ट सांगायला हवं की जगातली कुठलीही कमांड गाडी त्या पहिल्या काही मिनिटांत काही करू शकली नसती. तिथे उपयोगी पडलं असतं ते न पेटणारं कापड आणि बाहेर पडायचे पुरेसे दरवाजे. कमांड गाडीचं काम त्यानंतर सुरू होतं: जखमींची मोजणी, रुग्णवाहिकांना वाट, कोणाला कुठल्या इस्पितळात नेलं याची नोंद, आणि आपल्या माणसाला शोधत आलेल्या नातेवाइकांना खरं उत्तर.

दुसरं टोक म्हणजे टायरची आग. जहरा प्रांतातल्या अरहिया भागात वर्षानुवर्षं जुने टायर साठत गेले. एप्रिल २०१२ मध्ये तिथे मोठी आग लागली. पुढे २०२१ मध्ये चार कोटींहून अधिक टायर सालमीकडे हलवण्यात आले. टायरच्या एका किलोत साधारण कोळशाहून जास्त ऊर्जा असते. शिवाय त्याच्या पोकळ आकारामुळे ढिगाच्या आत हवा खेळती राहते आणि वरून मारलेलं पाणी आतपर्यंत पोचत नाही. अशी आग काही दिवस चालू शकते.

म्हणजे एकच गाडी पाच मिनिटांत कामाला लागली पाहिजे आणि पाच दिवस टिकलीही पाहिजे.

गाडी कुठे उभी करायची?

साधनांच्या यादीआधी जागा. नियम तीन. वारा पाठीशी असावा. इमारतीच्या किमान दोन बाजू दिसाव्यात. आणि इमारत कोसळली तरी गाडी सुरक्षित राहील इतकं अंतर असावं. ढोबळ हिशेब म्हणजे इमारतीच्या उंचीच्या दीडपट.

कुवेतमध्ये प्रमुख वारा वायव्येचा, ज्याला तिथे शमाल म्हणतात. पण वारा दिवसभरात दिशा बदलतो, म्हणून टपावर एक साधा वातमापक हवाच. तो नसेल तर प्रमुखाच्या लक्षात येण्याआधीच धूर त्याच्या गाडीत शिरलेला असेल.

अंतर किती महत्त्वाचं, ते मुंबईने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली आणि इमारत कोसळली. त्या दुर्घटनेत मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले. त्यांत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. त्यांच्या धैर्याबद्दल बोलावं तेवढं थोडं. पण यंत्रणेच्या दृष्टीने पाहिलं तर अनुभवी अधिकारी एकाच ठिकाणी सापडले की सगळ्या दलाचाच मेंदू जखमी होतो. दूर उभी असलेली कमांड गाडी हा भित्रेपणा नाही, तो त्या मेंदूचा विमा आहे.

आवाज पोचला पाहिजे

गाडीतलं सर्वात महत्त्वाचं यंत्र म्हणजे वायरलेस. एक सेट घटनास्थळावरच्या तुकड्यांसाठी, दुसरा नियंत्रण कक्षासाठी. एकाच चॅनेलवर दोन्ही संभाषणं चालवली की "मदत पाठवा" हे दोन शब्द गोंगाटात हरवतात.

अँटेना टपाच्या मध्यभागी लावायची. कारण सोपं आहे. पाव तरंगलांबीच्या अँटेनाला खालचा धातूचा पत्रा आरशासारखा लागतो. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर, म्हणून अँटेना सुमारे ५० सेंटीमीटर. ४५० मेगाहर्ट्झला ती सुमारे १७ सेंटीमीटर पुरते. अँटेना बंपरवर लावली तर हा आरसा एकाच बाजूला राहतो आणि आवाज एका दिशेला चांगला, दुसऱ्या दिशेला क्षीण जातो.

आता उंची. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची वक्रता आड येते. सपाट जमिनीवर पल्ला किलोमीटरमध्ये काढायचा तर दोन्ही अँटेनांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं घ्या, त्यांची बेरीज करा आणि ४.१ ने गुणा. हातातला वॉकीटॉकी दीड मीटरवर आणि गाडीची अँटेना दोन मीटरवर असेल तर सुमारे ११ किलोमीटर. गाडीच्या मागे नऊ मीटरचा दुमडता खांब उभारला तर सुमारे १७. ही झाली वरची मर्यादा. भिंती, ढिगारे आणि वॉकीटॉकीची कमी शक्ती यांमुळे प्रत्यक्ष पल्ला बराच कमी भरतो. जहराच्या उत्तरेला मुतलाची टेकडी आहे, तिच्या पलीकडे तर हे सूत्र चालतच नाही. तिथे टेकडीवर रिपीटर हवा, किंवा टेकडीवर उभी राहून निरोप पुढे देणारी दुसरी गाडी.

वीज: कागदावरचा हिशेब

इंजिन बंद ठेवून गाडी किती वेळ चालेल? आपण एक काल्पनिक यादी मांडू. लॅपटॉप ६० वॉट. दोन पडदे ६० वॉट. दोन वायरलेस, मधूनमधून बोलणं धरून सरासरी ६० वॉट. दिवे २०, राउटर १५, पंखा २०. बेरीज २३५ वॉट. १२.८ व्होल्टला म्हणजे सुमारे १८ अँपिअर. चार तासांना ७४ अँपिअर-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही असं ठरवून ८० टक्केच वापर धरला, तर १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते.

ही बॅटरी गाडीच्या मूळ बॅटरीपासून आयसोलेटरने वेगळी ठेवायची. नाहीतर चार तास चोख काम होईल आणि मग गाडी सुरूच होणार नाही.

तारेची जाडी बहुतेक जण विसरतात. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन दहा मीटर, २० अँपिअर: जवळपास ०.६ व्होल्ट तारेतच संपतात. १६ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.२ च्या आसपास. तांबं तापलं की दर अंशाला रोध सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणून कुवेतमध्ये तार पुस्तकातल्या आकड्याहून एक माप जाडच घ्यावी. आणि प्रत्येक तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. अग्निशमन प्रमुखाची गाडीच पेटली तर काय बोलायचं!

खरा शत्रू: उष्णता

२१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाह इथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जागतिक हवामान संघटनेने तपासून मान्य केलेला हा आकडा. मित्रिबाह याच जहरा प्रांतात येतं. हे सावलीतलं तापमान. उन्हात उभ्या बंद गाडीत त्यावर आणखी वीस अंश सहज चढतात.

आता तुमच्या लॅपटॉपचं माहितीपत्रक काढा. सामान्य लॅपटॉपसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा बहुधा ३५ अंश लिहिलेली असते. म्हणजे जहरात तो उन्हाळ्यात कित्येक तास मर्यादेबाहेरच असेल. उपाय: उष्णता सोसणारी मजबूत यंत्रं, बॅटरी बॉनेटखाली नव्हे तर केबिनमध्ये, पांढरा टप, मागच्या दरवाजावर ओढायचं छत आणि दर खणातून हवा खेळेल अशी मांडणी. धुळीसाठी गाळण्या हव्यातच, पण धूळ साचली की हवाच अडते, म्हणून त्या हाताने काढून झटकता आल्या पाहिजेत.

आणि सगळ्यात स्वस्त साधन

थर्मल कॅमेरा, चार वायू ओळखणारा मापक, ड्रोन हे सगळं असावं. पण एकच वस्तू ठेवायची परवानगी मिळाली, तर मी पांढरा फळा आणि घड्याळ निवडेन.

कारण पाहा. श्वसनयंत्राच्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे २००० लिटर हवा मावते. शांतपणे काम करणाऱ्याला मिनिटाला ४० लिटर धरले तर पन्नास मिनिटं. पण जिने चढणारा, माणूस ओढून आणणारा जवान ७० लिटरही वापरतो. शेवटचे ५० बार राखीव ठेवले तर त्याच्याकडे उरतात चोवीस मिनिटं, आणि त्यातच परतीची वाटही आली. १०:४२ ला आत गेलेली जोडी ११:०६ पर्यंत बाहेर हवी. फळ्यावर नावं, आत गेल्याची वेळ आणि ही बाहेर येण्याची वेळ लिहिलेली असेल, तर ११:०० वाजता कोणीतरी विचारेल, "हे दोघे कुठे आहेत?" लिहिलेलं नसेल, तर तो प्रश्न विचारायला उशीर होईल.

एका अधिकाऱ्याने एका वेळी साधारण पाचच जणांकडून अहवाल घ्यावा, असा संकेत जगभर पाळला जातो. त्याचं मूळही हेच: माणसाच्या लक्षाची क्षमता बॅटरीसारखीच मोजकी असते. फळ्यावर म्हणूनच पाच रकाने पुरतात.

तुम्ही आखातात किंवा आणखी कुठे बहुमजली इमारतीत राहत असाल, तर १२ जून २०२४ ची कुवेतमधल्या मंगफची आग आठवत असेल. चाळीसहून अधिक भारतीय कामगार त्यात गेले. अशा वेळी बाहेर उभ्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "आत किती जण आहेत?" त्याचं उत्तर कुठल्याही गाडीत बसवता येत नाही, ते इमारतीत राहणाऱ्यांकडेच असतं. तेव्हा आज एवढं करा: तुमच्या मजल्यावर कोण कोण राहतं त्याची यादी करा, बाहेर पडल्यावर सगळ्यांनी जमायची जागा ठरवा, आणि ती यादी घेऊन अधिकाऱ्याकडे कोण जाणार तेही ठरवा. फळ्यावरची पहिली ओळ तिथूनच भरली जाते.