कोशिंबिरीवरचे लिंबू

रक्त कमी आहे असे सांगितले की दवाखान्यात येणाऱ्या बायाबापड्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, बीट खाऊ का?" बीट जरूर खावे. पण त्याचा रंग लाल म्हणून रक्त वाढते, ही समजूत खरी नाही. त्यात लोह बेताचेच असते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या ताटात लोह अगदीच नसते असे नाही. पावसाच्या सुरुवातीचा कोवळा तरोटा, अंबाडी, चवळी, वालाच्या शेंगा, जवसाची चटणी यांतून ते मिळते. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याची कारणे अनेक आहेत. पैकी एक असे की, धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह आतड्यात सहज शोषले जात नाही. मांसमासळीतील लोह त्या मानाने लवकर अंगी लागते.

इथे लिंबू कामाला येते. त्यातील 'क' जीवनसत्त्व वनस्पतीजन्य लोहाचे रूप बदलून ते शोषले जाण्याजोगे करते. मात्र दोन्ही एकाच जेवणात पोटात गेली पाहिजेत. सकाळी लिंबूपाणी आणि दुपारी भाजी, असे करून हा फायदा मिळत नाही.

शहरातील हॉटेलांत सॅलडवर जे आंबटगोड मिश्रण ओततात, ते घरी सहज होते. चार माणसांसाठी एका रसदार लिंबाचा रस, एका लहान संत्र्याचा रस आणि दोन चहाचे चमचे तिळाचे किंवा घरी वापरात असलेले गोडेतेल घ्यावे. त्यात चवीपुरते मीठ, जिरेपूड, ठेचलेली लसणाची एक पाकळी आणि भाजलेल्या जवसाची एक चमचा पूड टाकावी. झाकणाच्या बाटलीत हे सारे घालून जोराने हलवावे. एरवी रस आणि तेल लगेच वेगळे होतात. जवसातील चिकटपणामुळे ते काही वेळ एकजीव राहतात. तेल उगाच सांगितलेले नाही. गाजर आणि हिरव्या पानांतील 'अ' जीवनसत्त्वाचा अंश शरीरात उतरायला थोडा स्निग्धांश लागतोच.

संत्र्याच्या बिया मात्र रसात चिरडू देऊ नका. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, बिया चिरडल्या तर अधिकच. म्हणून जेवणापुरतेच करावे. संत्री नसतील त्या दिवसांत नुसते लिंबू चालते. आणि करायचे ते काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट ठेवू नये.

हा रस ऐन वाढताना, काकडी, मुळा, टमाटर, कांदा, सांबार यांवर घालावा. तरोट्याच्या भाजीवर घालायचा असेल तर भांडे चुलीवरून उतरवल्यावर. उष्णतेने 'क' जीवनसत्त्व नष्ट होते. 1747 साली ब्रिटिश आरमारातील डॉक्टर जेम्स लिंड यांनी संत्री-लिंबे देऊन स्कर्व्ही झालेले खलाशी बरे होतात हे दाखवले. पण पुढे टिकावा म्हणून त्यांनीच रस आटवून ठेवण्याचा सल्ला दिला, आणि त्या आटवलेल्या रसाचा गुण गेला! काकडीला मीठ लावून पिळलेले पाणी आपण फेकून देतो, त्यातही हे जीवनसत्त्व वाहून जाते.

एक गैरसमज घातक आहे. लिंबू पिळले की कच्च्या भाजीतील जंतू मरतात, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून पट्टकृमीची अंडी भाजीवर येतात. ती पोटात गेली तर त्या किड्याच्या गाठी मेंदूत होऊन माणसाला झटके येऊ शकतात. भाजी प्रथम वाहत्या पाण्याखाली चोळून, मग पिण्याच्या शुद्ध पाण्यात धुवावी, आणि नंतरच चिरावी. पावसाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर कच्ची कोशिंबीर बाजूला ठेवून वाफवलेल्या भाजीवर लिंबू पिळावे.

जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा मात्र नको. चहातील तुरट द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात आणि लिंबाने कमावलेले चहा घालवतो. निदान तासभर जाऊ द्यावा. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी रस बेतानेच घ्यावा.

आता आपल्या भागापुरते महत्त्वाचे. इथे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांचेही हिमोग्लोबिन कमी असते, पण त्यामागचे कारण निराळे : त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. कोशिंबिरीवरचे लिंबू त्यांनाही चालते. परंतु शेजारणीला दिलेल्या लोहाच्या गोळ्या 'रक्त कमी आहे' म्हणून स्वतःच सुरू करू नयेत. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात आधीच जास्तीचे लोह साठलेले असू शकते. हातपाय वारंवार ठणकत असतील, डोळे पिवळे दिसत असतील किंवा घरात कुणाला सिकलसेल असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्या. लग्न ठरण्याआधी मुलामुलीची तपासणी झाली तर फारच उत्तम.