पद्मपाणीच्या चित्रावरून जलरंगांचा अभ्यास

दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करणें म्हणजे बुद्धीचा आळस, असें कित्येक पालकांस वाटतें. परंतु शेजाऱ्याच्या वहींतील गणित उतरून घेणें व थोर चित्र उतरून काढणें यांत मोठें अंतर आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनीं जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं १८७२ सालापासून अजिंठ्याच्या भिंतींपुढें बसून हेंच केलें. १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम यांच्या कामांत सामील झालेले नंदलाल बोस यांनींही तेंच केलें. ग्रिफिथ्स यांच्या पुष्कळ प्रती १८८५ सालीं लंडनमध्यें आगींत जळाल्या. पण त्या काढतांना मुलांच्या हातांत जें कसब आलें, तें कांहीं जळालें नाहीं.

आपण पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि बोधिसत्त्व घेऊं. उजव्या हातांत कमळ, कललेली मान, खालीं झुकलेली दृष्टि. मूळ चित्र वाळलेल्या गिलाव्यावर काढलेलें असून, नाकावरील उजेड तेथें वरून पांढरा रंग देऊन दाखविला आहे. आपला जलरंग पारदर्शक. त्यांत पांढरा म्हणजे कोरा कागदच. तेव्हां गळ्यांतील मोत्यें आधींपासूनच कोरीं राखावयास हवींत. तेथें एकदां रंग गेला कीं पूर्वीचा शुभ्रपणा परत येत नाहीं.

कागद भिजवून, डिंकाच्या पट्ट्यांनीं बोर्डावर ताणून वाळूं द्यावा. छापील चित्रावर चौकटी पाडून रेखाटन अगदीं फिकें करावें. नंतर बोर्ड थोडा तिरपा ठेवून, यलो ओकरचा भरपूर पाण्यांतील हात सर्व अंगावर वरून खालीं न थांबतां द्यावा. तो पूर्ण सुकल्यावर बर्न्ट सिएनाचा दुसरा हात हनुवटीखालीं, मानेवर व दंडांच्या कडांस देऊन, त्याची आंतली कड स्वच्छ ओल्या कुंचल्यानें विरवावी. अजिंठ्याच्या कलावंतांनीं अंगाची गोलाई कडा गडद व मध्य उजळ ठेवून दाखविली आहे. एका बाजूनें पडलेली सावली तेथें शोधूं नये. मुलांची सर्वांत अधिक चूक होते ती येथें. पहिला हात अर्धवट ओला असतांच दुसरा देतात, आणि त्या शांत मुखावर पाण्याचे वेडेवांकडे डाग उठतात. पालकांनीं घरीं मदत करावयाची ती एवढीच कीं, घाई करूं देऊं नये.

काळसर पार्श्वभूमि त्यानंतर. भुवईची रेघ मात्र अगदीं शेवटीं, बारीक कुंचल्यानें, एका दमांत ओढावी. ती आधीं दुसऱ्या कागदावर दहा वेळां ओढून पाहावी, चित्रावर गिरवीत बसूं नये. मग आपलें चित्र व छापील चित्र शेजारीं ठेवून आरशांत पाहावें. मान कोठें ताठ झाली आहे तें तत्काळ दिसतें.