चार चिठ्ठ्या आणि एक लबाड : संगणकांचं एकमत वर्गात कसं शिकवाल?



विमान असो की बँकेचा व्यवहार, मागे अनेक संगणक मिळून काम करत असतात, हे आठवी-नववीच्या मुलांना आपण सांगतो. मग एखादं चुणचुणीत पोर विचारतं, "सर, त्यातला एक बिघडला तर?" बंद पडला तर लक्षात येतं. खरा घोळ होतो तो बिघडलेला संगणक एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरंच सांगू लागला तर. हा धडा फळ्यापेक्षा चिठ्ठ्यांनी चांगला समजतो.

खेळ पहिला : तिघे

एक मुलगा व्यापारी, दोघे केळीउत्पादक : रावेर आणि यावल. ट्रक एकच, म्हणून कापणी एकाच दिवशी हवी. व्यापारी दोघांना चिठ्ठी देतो, मग दोघे आपापली चिठ्ठी एकमेकांना कळवतात. तिघांपैकी एक लबाड असू शकतो.

समजा रावेरला व्यापाऱ्याकडून 'सोमवार' आलं आणि यावल म्हणतो, "मला तर मंगळवार सांगितलं." आता खोटं कोण, व्यापारी की यावल? दोन्ही वेळा रावेरच्या हातात त्याच दोन चिठ्ठ्या असतात. "व्यापाऱ्याचंच ऐकायचं" असं ठरवलं, तर लबाड व्यापारी दोघांना दोन दिवशी कापायला लावतो. दुसरा कोणताही नियम करून बघा, तो कुठेतरी फसतोच.

खेळ दुसरा : चौघे

आता चोपडा घ्या. व्यापारी तिघांना चिठ्ठी देतो, प्रत्येक जण आपली चिठ्ठी उरलेल्या दोघांना कळवतो. प्रत्येकाकडे तीन उत्तरं जमतात. त्यांतलं बहुमत पाळायचं. दोन मिनिटांत चिठ्ठी आली नाही तर 'मंगळवार' धरायचं.

व्यापारी लबाड असेल, तरी तिघेही प्रामाणिक असल्याने तिघांकडे तीच तीन उत्तरं असतात आणि निर्णय एकच होतो. चोपडा लबाड असेल, तर रावेर आणि यावलकडे व्यापाऱ्याचं आणि एकमेकांचं अशी दोन खरी उत्तरं असतात. चोपड्याचं एक खोटं हरतं.

मुलांना आवर्जून विचारा : लबाड कोण ते कळलं का? बहुतेक वेळा नाही! तरी काम झालं. हाच धड्याचा गाभा. एकमतासाठी चोर पकडावाच लागतो असं नाही. प्रामाणिकांची संख्या पुरेशी हवी आणि प्रत्येकाने ऐकलेलं इतरांशी पडताळून पाहायला हवं.

थोडा इतिहास

विमानांसाठी भरवशाचा संगणक बनवण्याच्या कामातून मार्शल पीज, रॉबर्ट शोस्टाक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० मध्ये हा नियम सिद्ध केला : एक लबाड असेल तर किमान चार, दोन असतील तर सात, म्हणजे लबाडांच्या तिपटीहून एक जास्त. १९८२ मध्ये त्यांनी तो बायझंटाईन सेनापतींच्या गोष्टीतून मांडला. लॅम्पोर्ट यांना पुढे २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आपल्याजवळचं उदाहरणही द्या. धुळ्याहून नाशिकला जाताना ओझर लागतं, तिथे तेजस विमानं तयार होतात. तेजसच्या उड्डाण-नियंत्रणात चार समांतर मार्गिका आहेत. त्यामागचं गणित या खेळासारखंच असेल असं नाही, पण धोरण तेच : एकट्यावर विसंबायचं नाही.

घरी करून बघा

पालकहो, तिघांचाच खेळ पुन्हा घ्या, पण यावेळी व्यापाऱ्याने सही करायची आणि पुढे तीच चिठ्ठी दाखवायची. सही खोटी करता येत नसेल, तर 'सोमवार' आणि 'मंगळवार' या दोन्हींखाली व्यापाऱ्याचीच सही दिसली की तो उघडा पडतो. मग दोघांनी आधी ठरवल्याप्रमाणे मंगळवार धरायचा. म्हणजे सही असली तर तिघेही पुरतात. असं का, ते मुलांनाच सांगू द्या. आणि मोबाईलवर पुढे ढकललेला निरोप आला की हाच प्रश्न विचारायची सवय लावा : "हे मुळात कोणी सांगितलं, आणि इतरांनाही तेच सांगितलं का?"