बळ वाढले की अंग आखडते काय?

वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा यांपैकी कोणत्याही तालुक्यात पहाटे रस्त्यावर जावे, भरतीसाठी धावणारी मुले-मुली हमखास दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत धावण्याबरोबर गोळाफेकही असते. म्हणून पायांइतकीच खांद्यांची व हातांची ताकद लागते. तरीही अनेकांना घरूनच सांगितले जाते, "वजने उचलू नको, अंग लाकडासारखे होईल." दुसरीकडे विहारात वंदनेला येणाऱ्या ज्येष्ठ उपासक-उपासिकांपैकी पुष्कळांना खाली बसणे जड जाते, बसले तर आधाराशिवाय उठता येत नाही. त्यांना सल्ला मिळतो, "आता जोर लावू नका." या दोन्ही सल्ल्यांमागे एकच समजूत आहे, ती म्हणजे बळ वाढले की लवचिकता जाते. तथागतांनी ऐकीव गोष्ट तपासून घ्यावयास शिकविले. तेव्हा ही समजूतही तपासून पाहू.

समजुतीचे मूळ

नवशिक्याने पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढल्या, तर पुढचे दोन-तीन दिवस त्याला जिना उतरणे कठीण जाते. स्नायूंना सवय नसलेले काम पडल्याने येणारा हा तात्पुरता आखडलेपणा असतो व तो आपोआप ओसरतो. दुसरे कारण म्हणजे अर्धवट व्यायाम. गुडघे थोडेसेच वाकवून बैठक काढणे, कोपर पूर्ण सरळ न करता डंबेल मारणे, छातीचेच व्यायाम करून पाठ विसरणे, अशाने सांध्याची पूर्ण हालचाल होत नाही. दंड फार मोठे झाल्यावर कोपर पूर्ण मिटत नाही हेही खरे. परंतु तो प्रश्न मोजक्या शरीरसौष्ठवपटूंचा आहे.

ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील अनेक प्रशिक्षक खेळाडूंना वजनांपासून दूर ठेवीत. १९५१ साली झॉर्बास आणि कार्पोविच या अभ्यासकांनी वजन उचलणारे ३०० व न उचलणारे ३०० अशा पुरुषांच्या हात फिरविण्याच्या वेगाची तुलना केली. वजन उचलणारेच अधिक चपळ ठरले. लवचिकतेबाबतचा निष्कर्ष तर अलीकडचा आहे. २०२१ साली अकरा प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ताकदीच्या व्यायामाने सांध्यांची हालचाल वाढते आणि ती ताण देण्याच्या व्यायामाइतकीच वाढू शकते, असे त्यात आढळले.

हे कसे घडते?

स्नायू लांब होत असताना त्याने भार पेलला, म्हणजे वजन सावकाश खाली आणले, तर त्या लांबीतही काम करण्याची सवय त्याला लागते. सातत्याने असे केल्यास स्नायूतंतूंची लांबीही वाढू शकते. शिवाय मज्जासंस्था ताण सहन करावयास शिकते. मात्र अट एकच आहे, हालचाल पूर्ण हवी. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळाला फार मोठी लवचिकता लागते. तेथे ताणाचा स्वतंत्र सरावही करावाच लागतो. चाचणीच्या अगदी आधी एकाच स्थितीत मिनिटापेक्षा अधिक वेळ ताण देऊन बसू नये. त्याने थोड्या वेळापुरते बळ कमी होते. त्याऐवजी हलके धावून, हातपाय फिरवून अंग गरम करावे.

आपल्याच मातीतील उदाहरण

पुस्तकी पुरावा पटत नसेल तर मल्लखांब पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाळंभट्टदादा देवधर यांनी त्याला नवे रूप दिले. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडी खांबावर केवळ पकडीच्या जोरावर शरीर तोलायचे आणि त्याच क्षणी कमानीसारखे वाकवायचे, असा हा खेळ. बळ नसेल तर खेळाडू घसरेल, लवचिकता नसेल तर वळणार नाही. आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. बळ आणि लवचिकता एकाच शरीरात नांदतात हे वऱ्हाडाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

ज्येष्ठांसाठी

खाली बसता-उठता न येण्यामागे गुडघ्यांच्या दुखण्याबरोबर मांड्यांचा अशक्तपणाही असतो. वापर थांबला की बळ जाते आणि बळ गेले की माणूस वाकणेच टाळतो. मग सांधे अधिकच आखडतात. यावर सोपा क्रम असा. प्रथम खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठावे व सावकाश बसावे, आठ-दहा वेळा. ते सहज जमू लागले की स्टूल, पुढे चौरंग, शेवटी पाट, अशी बैठक काही आठवड्यांच्या अंतराने खाली आणावी. श्वास रोखू नये. सांध्यात कळ आल्यास थांबावे. रक्तदाब, हृदयविकार किंवा शस्त्रक्रिया झालेली असल्यास डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचे व्यायाम करावेत.

वीणेच्या तारा

सोण नावाचा भिक्खू पूर्वी वीणा वाजवीत असे. साधनेच्या अतिरेकात चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले. तेव्हा तार फार ताणलेली वा फार सैल असता वीणा नीट वाजते काय, असे भगवंतांनी त्याला विचारले. उपदेश वीर्याविषयी, म्हणजे प्रयत्नाविषयी होता. व्यायामालाही तो लागू पडतो. एका दिवसात शंभर बैठका हा अतिरेक आणि भीतीने काहीच न करणे हा दुसरा.

विहाराच्या आवारात मुलांसाठी एक लोखंडी दांडा व काही वजने आणि ज्येष्ठांसाठी चार मजबूत खुर्च्या व चौरंग एवढी सोय झाली, तरी पुष्कळ काम होईल. मुलींनाही त्यात बरोबरीचे स्थान असावे. उपासिकांना पुन्हा आपल्या बळावर जमिनीवर बसता-उठता आले, तर त्याहून मोठा लाभ कोणता? समाजबांधवांनी याचा विचार करावा, ही विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!