‘म्हणे’ला प्रमाण नाही

सज्जनहो, जुईनगरात कीर्तन झाले की हल्ली एक प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. “महाराज, अमक्या खाण कंपनीला सोनं लागलं म्हणे. शेअर दुप्पट होणार. फंडाचे पैसे घालू का?” विचारणारे बहुधा नुकतेच निवृत्त झालेले, लेकीचे लग्न व्हायचे असलेले असतात. प्रश्न व्यवहाराचा खरा, पण त्याची उकल शास्त्रात सापडते.

न्यायशास्त्र प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानते. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. ज्याला वस्तू यथार्थ ठाऊक आहे व जो ती जशीच्या तशी सांगतो, तो आप्त. मूळ सांगणाऱ्याचा पत्ता नसता जी गोष्ट तोंडोतोंडी चालत येते तिला ‘ऐतिह्य’ म्हणतात. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे तिचे पाठशाळेतील उदाहरण. नैयायिक तिला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत. यक्ष पाहिला कोणी, असे विचारले की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बाजारातले ‘म्हणे’ याच जातीचे.

दृष्टांत पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात सुमारे ३,००० टन सोने सापडल्याची वार्ता देशभर पसरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने लगेच खुलासा केला की आपला अंदाज तसा नाही. खनिज सुमारे ५२,८०६ टन, त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने. गुणाकार घरी करून पाहावा. १६० किलो येतात!

कॅनडातील ब्रे-एक्स कंपनीचे तर याहून वाईट. इंडोनेशियात बुसांग येथे अफाट सोने आहे या बोलीवर तिची बाजारातील किंमत सुमारे ६ अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत चढली. १९९७ साली त्रयस्थांनी तपासले, तेव्हा नमुन्यांत सोने बाहेरून मिसळलेले निघाले. लोकांचे पैसे बुडाले.

येथे कोणी शंका घेईल, “पण खनिज खरेच असेल तर?” त्यास गोव्याचे उदाहरण पुरे. तेथील लोहखनिज प्रत्यक्ष. मांडवी-जुवारीतून बार्जा भरभरून जात. तरी २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे मर्यादा घालून सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. जमिनीतले धन हाती येण्यापूर्वी पट्टा, वन व पर्यावरणाची परवानगी, न्यायालय, जगातला भाव असे दरवाजे असतात. एक अडला की सारे अडते.

म्हणून वार्ता आली की तीन गोष्टी विचाराव्या. पहिला सांगणारा कोण? त्याला हे कसे कळले? आणि आपण शेअर घेतल्याने त्याचा लाभ काय? स्वस्तात आधीच घेऊन ठेवलेला मनुष्य हूल उठवतो, भाव चढला की आपल्या गळ्यात माल घालून मोकळा होतो. कंपनीला महत्त्वाची गोष्ट शेअर बाजाराला लेखी कळवावी लागते. ती मुलाकडून वाचून घ्यावी. सल्ला हवा तर सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराचा घ्यावा. ते झाले तरी जोखीम उरतेच. तेव्हा लग्नाचे, औषधपाण्याचे व म्हातारपणाचे पैसे यात घालू नयेत, हे आमचे स्पष्ट सांगणे.

पंढरीची वाट आपण चालून आलेल्यालाच विचारतो, ऐकून आलेल्याला नाही. पैशाच्या वाटेवरही तेवढे भान ठेवावे. रामकृष्णहरि.