संशोधनाकडे जाणाऱ्या वाटा

दहावी-बारावीच्या निकालानंतर बहुसंख्य घरांत विज्ञान शाखेचा विचार वैद्यकीय आणि अभियांत्रिकी या दोन प्रवेशांपुरताच होतो, आणि तेथे जागा न मिळालेल्यांसाठी बी.एस्सी. असते, असा समज पालकांच्या मनात पक्का बसलेला आहे. संशोधकांची चरित्रे पाहिली तर मात्र गुणपत्रिकेपेक्षा दोन गोष्टी अधिक निर्णायक ठरलेल्या दिसतात: लहान वयात मनात रुतून बसलेला एखादा प्रश्न, आणि तो मनापासून ऐकून घेणारे कोणीतरी मोठे माणूस.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हा ती कोणती हे विचारण्यासाठी त्यांच्या मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले, आणि तेथील सचिव मिलर्ड यांनी चिमणीची ओळख पटवून देऊन पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रहच त्या मुलापुढे उघडला. पुढची वाट सरळ नव्हती. महाविद्यालय अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात गेले, आणि रीतसर विद्यापीठीय पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. बर्लिनमध्ये प्रशिक्षण घेऊन १९३० साली परतल्यावर हाती नोकरीही नव्हती, तेव्हा अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच त्यात राहते, आणि मग नर ते पूर्ण करून दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो, हा क्रम त्यांनी तेथे नोंदवला. बेकारीच्या त्या काळात झालेले हे काम त्यांच्या महत्त्वाच्या संशोधनांत गणले जाते.

लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे वडील आणि काका बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, तरीही १९३३ साली त्याच संस्थेने त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. संचालक सी. व्ही. रामन यांच्यापुढे आग्रह न सोडता त्यांनी एक वर्ष परीक्षणाखाली काम करण्याची अट पत्करली, आणि पुढे वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी, म्हणजे श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन, यावरील संशोधनासाठी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. अशा नकाराच्या वेळी मुलीच्या पाठीशी घर ठामपणे उभे असणे किती मोलाचे असते, हे मुलींच्या पालकांनी येथे विशेष लक्षात घ्यावे.

आजच्या वाटा त्या मानाने पुष्कळ रुंद आहेत. पुण्यासह देशात ७ ठिकाणी असलेल्या ‘आयसर’ (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन) संस्थांत बारावीनंतर स्वतंत्र अभिरुची चाचणी देऊन पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रमाला, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्र देणाऱ्या शिक्षणाला, प्रवेश मिळतो. गावातल्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करणाऱ्यालाही ‘जॅम’ या सामायिक प्रवेश परीक्षेतून आयआयटीच्या एम.एस्सी.चे दार खुले असते. आर्थिक चिंता करणाऱ्या पालकांना हेही ठाऊक हवे, की ‘नेट’सारख्या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवून पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. कायम पदासाठी मात्र तिशी उलटेपर्यंत थांबावे लागू शकते, आणि ही गोष्ट मुलांपासून लपवू नये.

मुलाला खरोखर ओढ आहे का, हे ओळखण्यासाठी महागड्या कलचाचणीपेक्षा संशोधकांशी भेट अधिक उपयोगी पडते. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, पुण्यातील ‘आयुका’ ही खगोलशास्त्र संस्था आणि नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण केंद्र सर्वसामान्यांसाठी खुले होते. पालकांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे, आणि प्रश्न मुलांनाच विचारू द्यावेत.