गाडीचा सांगाडा गंजू नये म्हणून: रंगाचा डबा घेण्याआधी एवढं वाचा



गटाच्या कर्जातून भाजीची ढकलगाडी घ्या, नाहीतर चारा वाहायची ट्रॉली. हप्ते फिटेपर्यंत ती गाडी टिकली पाहिजे. चाक बदलता येतं, फळी बदलता येते. पण सांगाडाच कुजला तर गाडी भंगारात जाते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून या वेळचा पाठ रंगाचा.

आपल्याकडे गंज लवकर का येतो?

लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज चढतो. खारटपणा असेल तर आणखी लवकर. आरे कॉलनीत हे सगळं आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, झाडांची सावली असल्याने ओल लवकर सुकत नाही, त्यात मुंबईची दमट, खारी हवा. १९४९ साली ही दुग्ध वसाहत वसली तेव्हापासून इथे म्हशींचे गोठे आहेत. शेण-मूत्र लागलेली ट्रॉली न धुता ठेवली, तर त्यातला अमोनिया आणि क्षार रंगाखाली शिरतात.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे फुगतो. म्हणून वरचा रंग पापडासारखा उचलला जातो. आपण म्हणतो, रंग खराब निघाला. खरं तर खालचा गंज काढलेलाच नसतो.

आधी सफाई, मग रंग

पैसा आणि मेहनत पहिल्यांदा इथे लावा.

१. साबणाच्या पाण्याने शेण, तेल, माती धुवा. पूर्ण सुकू द्या.
२. तारेच्या ब्रशने सुटा गंज आणि सुटलेला रंग काढा. मग पॉलिश पेपर मारा. वेल्डिंगचे सांधे आणि फळीखालची बाजू सोडू नका, गंजाची सुरुवात तिथूनच होते.
३. थिनरच्या फडक्याने पुसा.
४. त्याच दिवशी प्रायमर मारा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर पुन्हा गंज धरतं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून तो ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, लेकरांना आणि जनावरांना लांब ठेवा. खरवडलेला चुरा कागदावर गोळा करा, गोठ्यात पडू देऊ नका.

कोणता रंग कुठे?

*भाजीची किंवा सामानाची गाडी:* रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, वर सिंथेटिक इनॅमलचे दोन हात. स्वस्त, ब्रशने मारता येतो, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. थोडे जास्त पैसे असतील तर झिंक फॉस्फेटचा प्रायमर घ्या, तो गंजाला जास्त अडवतो.

*शेणाची, गोठ्यातली ट्रॉली:* इथे इपॉक्सी बरा. तो दोन डब्यांत येतो. दोन्ही डब्यांवर लिहिलेल्या मापानेच मिसळा आणि लागेल तेवढाच मिसळा, कारण काही तासांत तो घट्ट होतो. जुन्या इनॅमलवर इपॉक्सी मारू नका, खालचा रंग सुरकुततो. उन्हात इपॉक्सी पांढरट पडतो, म्हणून वर पीयू रंगाचा हात द्या.

*जस्ताचा मुलामा असलेला पाइप:* यावर साधा प्रायमर धरत नाही, सोलून निघतो. दुकानात इच प्रायमर मागा.

शेंदरी की गेरूसारखा?

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. रेड ऑक्साइड गेरूसारखा तांबूस दिसतो, गेरूही लोखंडाचाच. पण शेंदरी रंगाचा रेड लेड प्रायमर शिशाचा असतो. गुरं लोखंड चाटतात. शिसं पोटात गेलं तर जनावर आंधळं होतं, झटके येतात, दगावतं. लहान मुलांच्या मेंदूलाही शिसं मारक आहे. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम २०१६ साली झाला. कारखान्यांसाठीच्या रंगांना तो लागू नाही. तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, हा कंपनीवाला घ्या, मजबूत आहे," तरी डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच पैसे द्या.

हिशोब करू

समजा सांगाड्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप २० मीटर लागला. पाइपच्या चारही बाजू मिळून १६ सेंटीमीटर, म्हणजे ०.१६ मीटर. २० × ०.१६ = ३.२ चौरस मीटर. एक लिटर प्रायमर साधारण ८ ते १० चौरस मीटरला पुरतो. दोन हातांना ६.४ चौरस मीटर झाले. म्हणजे एक लिटरचा डबा पुरतो. चार लिटरचा घेऊन उरलेला सुकवू नका.

वेळ आणि निगा

पावसाळ्यात रंग काढू नका. डिसेंबर ते एप्रिल उत्तम, तेही दव सुकल्यावर. पाइपची तोंडं वेल्डिंगने बंद करून घ्या, नाहीतर खाली पाणी निघायला भोक ठेवा. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ पासून उभा आहे, तोही साधारण दर सात वर्षांनी रंगवतात. आपली गाडी तर रोज धक्के खाते. दर मे महिन्यात तपासा आणि जिथे टवका उडालाय तिथे घासून प्रायमर-रंग लावा.

बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गटाच्या गाड्यांत गंज कुठून सुरू झालाय?
२. चार-पाच जणींनी मिळून तारेचा ब्रश, प्रायमर आणि रंग आणला तर प्रत्येकीला किती खर्च येईल?
३. पुढचं गाडीचं कर्ज देताना रंगाचा खर्च त्यात धरायचा का?